ज्येष्ठांसाठी बाथरूम: फोडाफोडीपासून आधारदांडीपर्यंत कामाचा क्रम

घरातलं कुणी बाथरूममध्ये घसरलं की दुसऱ्याच दिवशी एक चकचकीत आधारदांडी घरात येते. प्लंबर मोकळी टाइल बघून ती ठोकून देतो आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. फरशी मात्र तशीच गुळगुळीत राहते, दार आतच उघडत राहतं आणि काही महिन्यांत दांडीचे स्क्रू खेळायला लागतात. मग टाइल बदलायची ठरते आणि बसवलेली दांडी उखडावी लागते. दांडी लागतेच, पण ती जवळजवळ शेवटी बसवायची असते. खालचे टप्पे त्याच क्रमानं करा.

## १. आधी माणूस पाहा, मग बाथरूम मोजा

भिंतींकडे नीट पाहा. टाइलवर एकाच जागी हाताचे तेलकट, साबणाचे ठसे उमटलेले असतात. टॉवेलची दांडी एका बाजूनं सैल झालेली असते, नळाची मान हलते, बेसिन आणि भिंत यांच्या सांध्यात चीर पडलेली असते. आई-बाबा आज आधार कुठे घेतात ते या खुणांवरून कळतं. दांडी तिथेच हवी. तोंडी विचारलंत तर बहुतेक जण "मला काही लागत नाही" असंच सांगतील, म्हणून खुणांवर जास्त विश्वास ठेवा.

मग त्यांना कपड्यांनिशी, कोरड्या फरशीवर सगळा क्रम करून दाखवायला सांगा: दारातून आत येणं, वळणं, कमोडवर बसणं-उठणं, अंघोळीच्या जागी जाणं. कुठे थांबतात, कोणता हात पुढे करतात ते लिहून ठेवा. पक्षाघात होऊन गेला असेल तर कोणती बाजू कमजोर आहे याची नोंद सगळ्यात आधी करा. आधार चांगल्या हाताच्या बाजूला लागतो.

आता मापं घ्या:

- ताठ उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर. आडव्या दांडीची उंची यावरून ठरते.
- गुडघ्याच्या मागच्या खळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर. यात एक-दोन इंच मिळवले की बसण्याची उंची निघते.
- चौकटीच्या आतली मोकळी रुंदी, दार उघडं ठेवून. वॉकर असेल तर त्याची रुंदीही मोजा.
- कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंतचं अंतर.

सावध: पुस्तकातली उंची जशीच्या तशी घेऊ नका. ३३ ते ३६ इंच हे दांडीचं माप सगळीकडे सापडतं, पण चार फूट दहा इंच उंचीच्या आजींना ते फार वर जातं. खांदा उचलून धरलेल्या हातात जोर राहत नाही.

## २. भिंत ओळखा, पर्यायी सोय लावा

नाशिकमध्ये एकाच कुटुंबाची दोन घरं दोन प्रकारची निघतात. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात मोरी स्वयंपाकघराला लागून आणि संडास वेगळा, कधी अंगणापलीकडे. सिडकोच्या जुन्या घरांत न्हाणीघर इतकं लहान की वॉकर वळतच नाही. गंगापूर रोड, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये जागा बरी मिळते, पण मधल्या भिंती बऱ्याचदा चार इंची विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या असतात आणि खाली सखल स्लॅब, म्हणजे पाइपांसाठी मुद्दाम खाली घेतलेला स्लॅब, असतो. वाड्यातली भिंत जाड असली तरी मातीत रचलेली असू शकते, त्यामुळे निव्वळ जाडीवर जाऊ नका.

भिंत ओळखायची सोपी रीत आहे. झाकल्या जाईल अशा जागी, पाइप-वायरींपासून लांब, एक बारीक भोक पाडा आणि भुकटी पाहा. लाल भुकटी म्हणजे वीट. पांढुरकी-राखाडी, पिठासारखी मऊ भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात शिरावं तसं शिरलं, तर हलका ब्लॉक. राखाडी, कडक, ड्रिलला दमवणारी भिंत म्हणजे काँक्रीट. ही नोंद टप्पा ६ मध्ये लागेल.

फरशी फोडायची असेल तर काम आठ-दहा दिवस चालतं हे धरून चाला. त्या दिवसांत घरातले ज्येष्ठ संडासला कुठे जाणार हे मिस्त्री येण्याआधी ठरवा. दुसरं बाथरूम नसेल तर सर्जिकल दुकानातून कमोड खुर्ची भाड्यानं आणा. ती नंतरही कामी येते. फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना प्रत्यक्ष भेटून सांगा.

## ३. भिंतीच्या आतली कामं

टाइल लागण्याआधी पाइप आणि वायरी उरकून घ्या.

वीज: दिव्याचं बटण बाहेर, दाराच्या हाताशी, आणि शक्य असेल तर दुसरं बटण पलंगाजवळ. रात्रीसाठी पलंगापासून बाथरूमपर्यंत सेन्सरचे छोटे दिवे लावा. आतला दिवा असा हवा की बसलेल्या माणसाची सावली त्याच्या पुढ्यात पडणार नाही. गिझरच्या लाइनला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. ती घरात नसेल तर याच कामात बसवून घ्या.

गरम पाणी: डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि गिझरचा काटा वर सरकतो. ६० अंशांच्या पाण्यानं पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजतं. ४९ अंशांच्या आसपास तेवढं भाजायला काही मिनिटं लागतात. म्हातारपणी कातडी पातळ होते, आणि मधुमेहात पायांची जाणीव कमी झाली असेल तर भाजल्याचं कळतही नाही. म्हणून नळातून येणारं पाणी ४५ अंशांवर जाणार नाही असा थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवा. तो नसेल तर घरात एकच नियम: बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

धोका: गॅस गिझर बाथरूमच्या आत ठेवू नका. खिडकी बंद असताना त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि थंडीत खिडकी बंदच असते. गॅस गिझर बाहेर मोकळ्या हवेत, आत फक्त पाण्याचा पाइप. सध्या तो आत असेल तर बाकीची कामं थांबवून आधी हे करा.

हँडशॉवरला दीड मीटरची नळी घ्या, खुर्चीवर बसून पाठीपर्यंत पोचते. नळ एका बोटानं किंवा मनगटानं ढकलता येईल असा, एका दांड्याचा. जेट स्प्रे कमोडच्या मागच्या भिंतीवर नको. अंग पिळून तो घेताना तोल जातो. बसलेल्या माणसाच्या चांगल्या हाताला, सीटच्या पुढच्या कडेच्या रेषेत तो लावा.

तपासा: भिंत बंद करण्यापूर्वी प्रत्येक बाजूचा फोटो काढा, टेप भिंतीला लावून. दांडीसाठी भोकं पाडताना पाइप कुठून गेलाय ते या फोटोंवरूनच कळेल.

## ४. फरशी, ढाळ आणि उंबरा

जुनी फरशी काढली की वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवा, पूर्ण ४८ तास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या घराचं छत पाहून या. घाईत ही चाचणी वगळली तर गळती टाइल लागल्यावर कळते आणि सगळं पुन्हा फोडावं लागतं.

ढाळ मीटरला १० ते १२ मिलिमीटर द्या, म्हणजे सहा फुटी बाथरूममध्ये साधारण पाऊण इंच. "पाणी पटकन जाईल" म्हणून मिस्त्री जास्त ढाळ देऊ पाहतात, त्यांना थांबवा. जास्त ढाळावर अंघोळीची खुर्ची डुगडुगते आणि वॉकर एका पायावर तिरका होतो. ढाळ दारापासून जाळीकडे हवा. कमोडसमोर, जिथे पाय टेकून उठायचं, तिथली फरशी जवळपास सपाट ठेवा.

टाइल खडबडीत मॅट घ्या. डब्यावरच्या आर-१०, आर-११ या आकड्यांची चाचणी बूट घालून होते. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी असते. दुकानदाराकडे बी किंवा सी मागा. ती माहिती मिळाली नाही तर एक तुकडा घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि अनवाणी पाय दाबून सरकवून पाहा. बारा इंची किंवा त्याहून लहान टाइलला सांधे जास्त येतात आणि सांध्यांवर पाय धरतो. दोन फुटी मोठी टाइल दिसायला छान, पण इथे नको. फरशीचा रंग भिंतीहून आणि कमोडहून वेगळा ठेवा. पांढऱ्यावर पांढरं असलं की मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना सीटची कड दिसत नाही.

उंबरा: दारातली चार इंचांची पायरी किंवा उभी कडप्पा पट्टी हीच बऱ्याच घरांत पहिली ठेच असते. फरशी फोडलेली असताना ती अर्ध्या इंचावर आणा, कड तासून गोल करा. पाणी बाहेर येईल ही भीती खरी आहे. त्यावर उपाय पट्टी उंच करण्याचा नाही, दारालगत आतल्या बाजूनं लांबट जाळी टाकण्याचा आहे. फ्लॅटमध्ये स्लॅबमुळे पायरी काढताच येत नसेल तर ती राहू द्या, पण तिच्या कडेला गडद रंगाची पट्टी लावा आणि शेजारी उभी दांडी बसवा. एवढ्याशा जागेत तीव्र रॅम्प करू नका. एक इंच चढायला एक फूट लांबी लागते. त्याहून उभा रॅम्प ओल्या पायाला पायरीपेक्षा वाईट.

फोडायचं नसेल तर: जुन्या टाइलवर घसरण कमी करणारं रसायन लावून मिळतं, पण काही काळानं ते पुन्हा लावावं लागतं. खरखरीत चिकटपट्ट्याही चालतात: दोन इंच रुंद पट्टी, दोन इंच अंतर, चालण्याच्या दिशेला आडवी. जुन्यावर नवी टाइल चिकटवली तर फरशी अर्धा इंच किंवा अधिक वर येते. मग दार खालून तासावं लागतं आणि जाळी खड्ड्यात जाते. हे आधीच मोजा.

चोषकांची (खाली दाबून चिकटणाऱ्या रबरी वाट्यांची) मॅट खडबडीत टाइलवर किंवा सांध्यांवर चिकटत नाही, आणि चिकटलीय असं समजून पाय टाकला की तीच सरकते. दाराबाहेरचं जुन्या साडीचं किंवा गोधडीच्या तुकड्याचं पायपुसणंही आजच काढा. त्याच्या जागी खाली रबर असलेलं, कड न दुमडणारं पायपुसणं ठेवा.

## ५. संडास आणि दार

गुडघे धरलेत पण फोडाफोड नको असेल, तर भारतीय भांड्यावर ठेवायची स्टीलची कमोड खुर्ची हा स्वस्त मार्ग आहे. मात्र तिचे पाय भांड्याच्या पायठ्यांवर नाही, सपाट फरशीवर पूर्ण टेकले पाहिजेत. पाय टेकायला जागा नसेल तर ती घेऊ नका.

कायमचा कमोड बसवायचा तर खरेदीआधी ट्रॅप, म्हणजे कमोडचा मैला वाहून नेणारा पाइप, पाहा. पाइप भिंतीत जातो की जमिनीत, आणि जमिनीत असेल तर भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंत किती इंच? बाजारात साधारण चार, नऊ आणि बारा इंचांची मापं मिळतात. आधी कमोड आणून मग माप घेतलं की तो भिंतीपासून लांब किंवा वाकडा बसतो. बसण्याची उंची सीटसकट १७ ते १९ इंच, तुमच्या टप्पा १ मधल्या मापानुसार. जुना कमोड बुटका असेल तर दोन, चार किंवा सहा इंचांची उंच सीट वरून लावता येते. ती पट्ट्यांनी आवळणारी घ्या, नुसती वर ठेवलेली एका बाजूनं उठताना निसटते. फार उंचही नको, तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत पडलेल्या माणसाच्या अंगाला अडकून आत उघडणारं दार उघडतच नाही, आणि त्या वेळी दार फोडण्यात मोलाची मिनिटं जातात. आतली कडी आणि बोल्ट काढून टाका. बाहेरून नाण्यानं फिरवता येईल असं कुलूप बसवा.

## ६. आधारदांड्या

घाई नको आणि कंजुषी तर मुळीच नको, असा हा टप्पा आहे. दांडी नसली तर माणूस जपून चालतो. सैल दांडीवर तो विश्वासानं सगळा भार टाकतो.

दांडी कशी असावी. स्टेनलेस स्टील ३०४, जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर, भिंत आणि दांडी यांत साधारण ४० मिलिमीटर अंतर. अंतर जास्त असेल तर तोल जाताना मनगट मध्ये अडकतं. चकचकीत पॉलिशपेक्षा खरखरीत पृष्ठभाग बरा, साबणाच्या हातातून निसटत नाही. चोषकांवर चिकटणारी दांडी घेऊच नका. टॉवेलच्या दांडीला आधारदांडी समजू नका, आणि धोका नको म्हणून ती हाताच्या वाटेतून काढूनच टाका.

कुठे बसवावी.

कमोडशेजारी आडवी दांडी, सीटच्या वर आठ ते दहा इंच, लांबी किमान दोन फूट. सर्वांत जास्त चूक इथे होते: दांडी कमोडच्या मध्यावर केंद्रित केली जाते. उठताना माणूस आधी पुढे झुकतो आणि मग वर येतो, म्हणून दांडीचं पुढचं टोक सीटच्या पुढच्या कडेच्याही आठ-दहा इंच पुढे आलं पाहिजे. कमोडचा मध्य भिंतीपासून १८ इंचांहून लांब असेल तर हात पोचत नाही. तिथे मागच्या भिंतीवरून खाली दुमडणारी दांडी घ्या.

अंघोळीच्या जागेत शिरताना उभी दांडी, दीड-दोन फूट. खुर्चीशेजारी आडवी दांडी, बसलेल्याच्या कोपराच्या पातळीला. दाराच्या चौकटीलगत आणखी एक छोटी उभी. तिरकी बसवू नका, ओला हात उतारावरून घसरतो.

जागा ठरली की भिंतीवर मास्किंग टेप लावा आणि ज्येष्ठांना बसवून-उठवून टेप हवा तसा हलवा. त्यांचा हात न बघता टेपवर पडला की तीच जागा.

कशी बसवावी. दांडीच्या डब्यात बहुधा दोन इंची स्क्रू आणि छोट्या गिट्ट्या (स्क्रू पकडण्यासाठी भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या नळ्या) येतात. त्या वापरू नका. हिशेब करा: टाइल ८-१० मिलिमीटर, तिच्यामागचा माल १५-२०, प्लास्टर १२-१५. म्हणजे वीट सुरू होण्याआधीच जवळजवळ ४० मिलिमीटर गेले. दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटरच्या स्क्रूचा जेमतेम सेंटिमीटर विटेत शिरतो, बाकी सगळा माल-प्लास्टरमध्ये. दांड्या सैल होण्याचं हे मोठं कारण आहे.

- नऊ इंची वीट किंवा काँक्रीट: १० मिलिमीटरची लांब नायलॉन गिट्टी, १०० मिलिमीटरचा स्टेनलेस स्क्रू, दोन्ही टोकांना मिळून किमान सहा स्क्रू.
- चार इंची भिंत: आरपार बोल्ट, पलीकडच्या खोलीत स्टीलची पट्टी आणि नट. पट्टी दिसते, पण पर्याय नाही.
- हलका ब्लॉक: आरपार बोल्ट किंवा रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) भरून बसवलेला अँकर बोल्ट. रेझिन सुकायला थंडीत जास्त वेळ लागतो. नळीवर तापमानानुसार दिलेला वेळ पूर्ण होऊ द्या.
- मातीत रचलेली जुनी भिंत: भिंतीचा नाद सोडा. फरशीत खोल बसवलेल्या पायांची दांडी किंवा कमोडला घट्ट आवळणारी चौकट वापरा.

भोक टाइलच्या कडेपासून किमान एक इंच आत घ्या. टाइलवर मास्किंग टेप, टाइलचा बिट, ड्रिल हळू, ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद. टाइल पार झाली की मग बिट बदला आणि हॅमर सुरू करा. भोकातली धूळ फुंकून किंवा पंपानं पूर्ण काढा, धुळीत गिट्टी फिरते. भोकात थोडं सिलिकॉन भरून स्क्रू आवळा, म्हणजे पाणी भिंतीत उतरत नाही.

तपासा: एक दिवस थांबा. मग घरातल्या धडधाकट माणसानं दोन्ही हातांनी दांडी धरून पूर्ण भार टाकावा, दोन-तीन झटके द्यावेत. केसभर जरी हलली, तरी उघडून पुन्हा बसवा. नुसता स्क्रू आवळून चालत नाही.

## ७. बादलीच्या अंघोळीची मांडणी

आपल्याकडे बहुतेक ज्येष्ठांना बादलीच हवी असते, आणि ती सवय मोडायची गरज नाही. बदलायची ती उंची. पाटावर बसून अंघोळ म्हणजे जमिनीवरून उठणं आलं, तेही ओल्या अंगानं. अॅल्युमिनियमची, पाठ असलेली, रुंद रबरी बुटांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. घरातली प्लास्टिकची खुर्ची नको, भार पडला की तिचे पाय ओल्या टाइलवर फाकतात. बादली फूटभर उंच, भक्कम चौरंगावर, थेट नळाखाली, म्हणजे तांब्या बुडवायला वाकावं लागत नाही. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोहून जड असते. ती सरकवायची वेळच येऊ देऊ नका.

साबण दोरीनं खुर्चीला बांधा किंवा द्रवरूप वापरा. टॉवेल आणि कपडे बसल्या जागी हाताला येतील असे, छातीच्या उंचीच्या खुंटीला. कपडे आत उभ्यानं बदलू नयेत. ओलं लुगडं सोडताना किंवा पायजम्यात पाय घालताना माणूस एका पायावर असतो. दाराबाहेर कोरड्या जागी दुसरी खुर्ची ठेवा आणि बसून बदलायची सवय लावा.

अंगाला तेल लावून अंघोळ झाली की फरशी लगेच डिटर्जंट आणि गरम पाण्यानं घासा. तेलाचा थर खडबडीत टाइलवरही निसरडा होतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला अॅसिड वापरत असाल तर त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. सांधेही अॅसिडनं झिजतात.

## ८. वापरापूर्वीची तपासणी

पहिल्या दिवशी कोरडी फेरी, दुसऱ्या दिवशी ओली, आणि दोन्ही वेळा कुणीतरी दारात उभं. एक फेरी रात्री, फक्त रात्रीच्या दिव्यांत.

बिनतारी बेलचं बटण दोन ठिकाणी लावा: कमोडवर बसून हात पोचेल तिथे, आणि अंघोळीच्या जागेजवळ जमिनीपासून फूटभर उंचीवर. पडलेल्या माणसाचा हात वर जात नाही, म्हणून खालचं बटण जास्त महत्त्वाचं. बेल स्वयंपाकघरात आणि टीव्ही सुरू असलेल्या खोलीत ऐकू येते का, दार बंद करून पाहा. सेल दर चार महिन्यांनी बदला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दांड्या झटकून बघा, आणि खुर्चीचे, वॉकरचे, काठीचे रबरी बूट उलटे करून पाहा. तळ गुळगुळीत झाला असेल तर त्याच दिवशी नवे आणा. बाथरूमची रबरी चप्पलही तशीच उलटी करून पाहा.